क्लेअरच्या दफनभूमी समित्यांना खुले पत्र: आधी वाचा, मग घासा

प्रति,
आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतल्या जुन्या दफनभूमींची देखभाल करणाऱ्या गावसमित्या, आणि त्यांच्या कामासाठी पैसे मंजूर करणारे सर्व जण यांस,

स. न. वि. वि.

कबरींना आशीर्वाद देण्याचा रविवार जवळ आला की दर उन्हाळ्यात तुमच्या दफनभूमींमध्ये यंत्रांची घरघर सुरू होते. गवत उतरते, भिंतीवरची आयव्हीची वेल ओढून काढली जाते, शिळांवर पाण्याचा जोरदार फवारा सुटतो आणि रविवारी सगळे कसे लख्ख दिसते. आमची तक्रार या लख्खपणाबद्दल आहे. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. गावाने जमून काम उपसण्याला तुमच्याकडे 'मेहल' म्हणतात. ती आमच्याकडची इर्जिकच, आणि तिचा आम्हाला आदर आहे. पत्र मराठीत लिहिले आहे, कारण तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी कोणी शनिवारी हातमोजे घालून तुमच्यासोबत उतरलाच, तर त्याच्या हाती ब्रशच्या आधी हे पत्र पडावे.

आम्ही क्लेअरच्या शिळा आणि नोंदवह्या लावणारी माणसे. आमचा संबंध एवढाच, की वहीत जे नाही ते शिळेवर सापडते आणि शिळा गेली की पुढे शोधायला जागा उरत नाही.

हे कसे, ते आधी सांगतो, कारण 'कागदपत्रे असतीलच की कुठेतरी' हा समज समित्यांमध्ये पक्का बसलेला दिसतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दफ्तरखाने जळाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणना तुरळक पाने सोडता त्यात गेल्या. चर्च ऑफ आयर्लंडच्या (म्हणजे तेव्हाच्या सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या) तिथे ठेवलेल्या वह्या गेल्या, मृत्युपत्रे गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत लगदा झाले. म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव देणारी संपूर्ण जनगणना मिळते ती थेट १९०१ ची. क्लेअरची ग्रिफिथ मूल्यांकन यादी (कर आकारण्यासाठी केलेली जमीन-घरांची सरकारी यादी) १८५५ ची आहे, पण तीत जमीन ज्याच्या ताब्यात त्याचेच नाव; बायको नाही, मुले नाहीत. त्याआधीच्या १८२३ ते १८३७ मधल्या दशमांश-कराच्या (प्रोटेस्टंट चर्चसाठी शेतजमिनीवर घेतल्या जाणाऱ्या कराच्या) वह्यांचेही तेच. जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८६४ ला. आणि मृत्यूच्या त्या नोंदीत वय, धंदा, आजार, खबर देणाऱ्याचे नाव हे सगळे असते. आईबापांचे नाव नसते, आणि पुरले कुठे हेही नसते.

राहिल्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वह्या. त्या २०१५ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट खुल्या केल्या आहेत, पण क्लेअरमध्ये त्या बहुतेक १८०० नंतर सुरू होतात आणि त्यांत बाप्तिस्मे नि लग्ने असतात. दफनाच्या नोंदी क्वचितच. याचे कारण दफनभूमींच्या मालकीत आहे. मध्ययुगीन पॅरिशचे चर्च आणि भोवतीची जागा धर्मसुधारणेनंतर कायद्याने सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चकडे गेली. कॅथलिक कुटुंबे मात्र आपल्या वाडवडिलांशेजारी तिथेच पुरत राहिली. जागा आपली नाही म्हणून कॅथलिक पाद्री नोंद ठेवीना, माणसे आपली नाहीत म्हणून प्रोटेस्टंट पाद्री, म्हणजे रेक्टर, ठेवीना. पुढे १८६९ च्या कायद्याने ते चर्च सरकारपासून वेगळे झाले, जुन्या दफनभूमी गार्डियन बोर्डांकडे (गरिबांच्या मदतीसाठीच्या स्थानिक मंडळांकडे) आणि शेवटी काउंटी कौन्सिलांकडे आल्या. तोवर दोन-तीनशे वर्षांची माणसे नोंदीविना मातीत गेलेली होती.

अशा ठिकाणी एक शिळा काय देते पाहा. 'अमुक टाउनलँडच्या मायकेल मॅकमाहनने वडील थॉमस आणि आई ब्रिजेट, माहेरची ओलॉक्लिन, यांच्या स्मरणार्थ उभारली', खाली साल आणि वय. टाउनलँड म्हणजे साधारण आपले शिवार. क्लेअरमध्ये अशी दोन हजारांहून जास्त आहेत. एका ओळीत शिवार, दोन पिढ्या, बाईचे माहेर आणि वयावरून जन्मसालाचा अंदाज. एकाच शिवारात चार थॉमस मॅकमाहन असतात. ग्रिफिथच्या माणसांनीही वैतागून नावापुढे कंसात 'तांबडा' किंवा बापाचे नाव लिहून ठेवले. त्या चारांतला आपला कोणता हे ठरते ते बहुधा शिळेवरच्या माहेरच्या नावावरून.

आता दगडाकडे येऊ. क्लेअर एकाच दगडाची काउंटी नाही, आणि तुमच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. उत्तरेला बरेन, तिथे चुनखडी. पश्चिमेला लिस्कॅनॉर, मोहर, मनीपॉइंटकडे फरशीचा दगड. अंगावर नागमोडी रेघा असतात तोच. पूर्वेला ब्रॉडफर्डकडे पाटीचा दगड. तिन्हींचे आजार वेगळे आहेत.

चुनखडीला आम्ल चालत नाही. दुकानातले 'दगड साफ करायचे द्रावण' बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक आम्लाचे असते. त्याने चुनखडीवर फेस येतो, आणि त्या फेसाबरोबर दगडाचाच पृष्ठभाग विरघळून चाललेला असतो. व्हिनेगरही त्याच जातीचे, फक्त मंद. ब्लीच आम्ल नाही म्हणून निर्धोक मानतात, पण ते सुकताना दगडाच्या छिद्रांत क्षार ठेवून जाते. क्षारांचे स्फटिक आत फुगतात, कण सुटतात, दोन-तीन हिवाळ्यांत पृष्ठभाग पिठासारखा हाताला लागतो. साफसफाई केलेल्या वर्षी शिळा छान दिसते, त्यामुळे दोष कोणी ब्लीचला देत नाही.

फरशीच्या दगडाची गोष्ट आणखी नाजूक. तो थरांचा बनलेला. खाणीत थर आडवे असतात. शिळा उभी केली की थरही उभे राहतात आणि वरच्या कडेतून पाणी त्यांच्यामध्ये शिरते. अक्षरे जेमतेम काही मिलिमीटर खोल, म्हणजे सगळा मजकूर पहिल्या पापुद्र्यावर. तो पापुद्रा मागून सुटलेला असला तरी समोरून धड दिसतो. बोटाच्या पेराने हलके टकटक केली तर पोकळ आवाज येतो. घरगुती प्रेशर वॉशर शंभर बारच्या वर दाब देतो. मोटारीच्या चाकात असते दोन-अडीच बार. तो फवारा पोकळ जागेच्या कडेवर पडला की तळहाताएवढी खपली निघते आणि तिच्याबरोबर आडनाव. ती परत चिकटवता येत नाही, कारण खाली पडताना तिचा भुगा होतो.

तारेचा ब्रश तिन्ही दगडांना वाईट. ओरखडे तर पडतातच, शिवाय तारेचे बारीक तुकडे अडकून गंजतात आणि पुढच्या वर्षी तांबडे डाग दिसतात. मग ते डाग काढायला पुन्हा आम्ल!

शिळांवरचे पांढरे, राखाडी, पिवळे ठिपके म्हणजे घाण नव्हे. ते दगडफूल आहे. गोड्या मसाल्यात पडते त्याचेच भाऊबंद. वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी वाढते, म्हणजे ताटलीएवढा ठिपका शंभर वर्षांहून जुना असू शकतो. त्याचे धागे दगडाच्या कणांत शिरलेले असतात आणि चुनखडीवरच्या काही जाती तर पृष्ठभागाच्या आतच राहतात. खरवडले की कण घेऊनच निघते. दगडफुलाखालची अक्षरे वाचायला ते काढावे लागत नाही, प्रकाश तिरका पाडावा लागतो. ते पुढे येईलच.

गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी शिळेच्या पायथ्याशी लागते. एका फटक्याने काही होत नाही. दर उन्हाळ्यात पाच-सहा वेळा, वीस वर्षे, असा हिशेब केला की खालची ओळ का नाहीशी होते ते कळते. आणि कोरणाऱ्याची सही असलीच तर ती बहुधा खालच्या कोपऱ्यात. हे टाळायला म्हणून तणनाशक मारतात. त्याने शिळेभोवती उघड्या मातीचे कडे तयार होते, पावसात चिखल उडून अक्षरांत बसतो, माती वाहून जाते आणि शिळा कलते. कललेली शिळा सरळ करून सिमेंटच्या काँक्रीटमध्ये बसवतात. काँक्रीट हलत नाही, पाणी सोडत नाही. वाऱ्याचा, गोठण्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि शिळा नेमकी तिथेच मोडते. थोडी कललेली शिळा शतकभर तशीच उभी राहू शकते. ती तुम्हाला खटकते, तिला स्वतःला त्रास नाही.

आमची सर्वांत मोठी तक्रार मात्र न कोरलेल्या दगडांबद्दल आहे. तुमच्या दफनभूमींत गुडघ्याएवढे किंवा त्याहून लहान ओबडधोबड दगड शेकड्यांनी असतात. यंत्राला अडतात म्हणून ते उपटून भिंतीकडेला रचले जातात, किंवा त्यांचीच पायवाट होते. ते खुणेचे दगड आहेत. ज्यांना कोरणावळ परवडली नाही त्यांनी उशाला एक आणि पायाशी एक असा दगड लावला. १८४१ मध्ये क्लेअरची लोकसंख्या सुमारे २ लाख ८६ हजार होती, १८५१ मध्ये सुमारे २ लाख १२ हजार. चौथा हिस्सा माणूस दहा वर्षांत गेला; काही जहाजाने, बाकीचे उपासमारीने आणि तापाने. किलरशजवळ ओल्ड शॅनाकाइलमध्ये, एनिसजवळ ड्रमक्लिफमध्ये वर्कहाउसमधून (निराधारांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहांतून) आणलेली माणसे सामुदायिक खड्ड्यांत पुरली गेली. त्यांना तेवढाही दगड मिळाला नाही. ज्यांना मिळाला त्यांचा तरी ठेवा. बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या मुलांना पुरण्याच्या वेगळ्या जागा, ज्यांना तुम्ही किलीन म्हणता, तिथे तर खुणेच्या दगडांशिवाय दुसरे काहीच नसते. त्या जागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होत्या. तिथे दफन केलेल्यांची भावंडे अजून हयात असतील.

आणि शिळा हलवणे. 'वाचवायला' म्हणून शिळा उचलून भिंतीला टेकवून ओळीने लावतात. मजकूर बचावतो, पुरावा जातो. कोण कोणाशेजारी पुरले आहे यावरून सोयरीक कळते. मॅकनामारांच्या रांगेत एकच कॉन्सिडाइन असेल तर ती बहुतेक माहेरी आणून पुरलेली लेक किंवा घरजावई, आणि मग लग्नाच्या वहीत कोणत्या पानावर बघायचे ते ठरते. भिंतीकडेच्या रांगेतून यातले काहीच कळत नाही.

आयव्हीबद्दल थोडक्यात. पडक्या चर्चच्या भिंतीतली वेल ओढू नका. तिची मुळे चुन्याच्या सांध्यात असतात, वेलीबरोबर दगड येतात. नुसती बुंध्याशी तोडून सोडली तर आतला बुंधा पुन्हा फुटून जाड होतो आणि भिंत फाकवतो. हे काम जाणकाराचे. शिवाय १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात झुडपे-वेली तोडायला वन्यजीव कायद्याची मनाई आहे आणि तुमची सगळी लगबग नेमकी त्याच महिन्यांत असते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर: जुन्या दफनभूमींपैकी बऱ्याच नोंदणीकृत पुरातन स्थळे आहेत. १९९४ च्या कायद्याने अशा जागी काहीही काम करण्याआधी मंत्र्यांना दोन महिने आधी लेखी कळवणे बंधनकारक केले. २०२३ चा नवा कायदा टप्प्याटप्प्याने त्याची जागा घेतो आहे, तेव्हा आज कोणते कलम लागू आहे ते काम ठरवण्याआधी विचारून घ्या. 'आम्ही फक्त साफ करत होतो' हे उत्तर दोन्हींत बसत नाही.

नोंदी आधीच घेतल्या आहेत असे काही समित्या सांगतात. त्या याद्या आम्ही वापरतो, म्हणून त्यांच्यात काय बिघडते तेही सांगायला हवे. यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लावली की शेजार नाहीसा होतो; भिंतीला टेकवलेल्या शिळांचेच कागदावरचे रूप. नकाशा नसतो, किंवा असतो तो एकाच्या घरी. छायाचित्र नसते, त्यामुळे १ की ७, ३ की ५ की ८ हा वाद कधीच मिटत नाही. आणि शिवारांची नावे 'सुधारून' लिहिलेली असतात! आज रूढ असलेली इंग्रजी स्पेलिंगे ठरली ती ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी नकाशा-मोजणीच्या वेळी. १८३९ मध्ये त्या मोजणीसाठी स्थळनावे तपासणारे जॉन ओडोनोव्हन आणि क्लेअरच्याच डूनाहाचा युजीन ओकरी या काउंटीत फिरले तेव्हाच्या आसपास. त्याआधीच्या शिळेवर कोरणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे नाव कोरले आहे, म्हणजे त्या काळचा उच्चार जपला आहे. तो दुरुस्त करणे म्हणजे पुरावा पुसणे.

मग नोंद कशी घ्यावी? आधी आराखडा. मोजपट्टीने भिंती आणि चर्चचे कोपरे मोजून कागदावर काढा, त्यावर प्रत्येक शिळेला क्रमांक द्या, न कोरलेल्या दगडांनाही. मोबाइलवरच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका; चार-पाच मीटरची चूक दाट कबरींमध्ये तीन कुटुंबे ओलांडते. मग छायाचित्रे: शिळा पूर्ण, मोजपट्टी शेजारी, क्रमांक दिसेल असा, मग मजकूर जवळून, मग मागची बाजू आणि कडा. अक्षरे वाचायला उजेड बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा हवा. कबरी पूर्व-पश्चिम असतात आणि मजकूर बहुधा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, म्हणून सूर्य बरोबर दक्षिणेला येण्याच्या आगेमागे हा उजेड आपसूक मिळतो. क्लेअर ग्रीनिचच्या पश्चिमेला नऊ अंशांवर, त्यात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे. म्हणून उन्हाळ्यात ही घटका घड्याळात दीड ते पावणेदोनला येते. पूर्वेकडच्या अक्षरांसाठी त्याआधी अर्धा तास, पश्चिमेकडच्यांसाठी त्यानंतर अर्धा तास. तेवढ्या वेळेत उरकत नसेल किंवा आभाळ असेल (क्लेअरमध्ये असतेच), तर काळे कापड टाकून बाजूने विजेरी धरा. ऊन असून कोन चुकत असेल तर मोठा आरसा. खडू, पीठ, दाढीचा फेस यांतले काही अक्षरांत भरू नका.

मजकूर ओळीला ओळ उतरवा. ओळ संपली म्हणून वर चढवलेले छोटे अक्षर, उलटे कोरलेले एन, जोडाक्षरे, चुका, सगळे जसेच्या तसे. मोडके अक्षर चौकटी कंसात, न लागणाऱ्या अक्षरांच्या जागी तेवढेच ठिपके. अंदाज लिहायचा तर वेगळ्या रकान्यात. खालची ओळ मातीत असेल तर उकरू नका, 'खाली मजकूर आहे' एवढे लिहा. दोन जणांनी वेगवेगळे वाचा आणि मग ताडून पाहा.

एवढे झाल्यावरही एखादी शिळा धुवायचीच असेल तर ती घट्ट उभी असावी, कुठेही पोकळ वाजत नसावी, पुढचे काही दिवस गोठण्याची थंडी नसावी. साधे पाणी, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश, शेवाळाला लाकडी पट्टी, खालून वर. हाताला दगडाची कणी लागली की तिथेच थांबा.

आमच्या मागण्या आता स्पष्ट मांडतो. आराखडा आणि छायाचित्रे पूर्ण होईपर्यंत शिळेला कोणतेही अवजार लावू नये. प्रेशर वॉशर, तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल आणि शिळांभोवतीचे तणनाशक यांना मनाई ही अनुदानाची अट असावी. पैसे देणाऱ्यांनी कामानंतरचे फोटो मागतात तसे आधीचेही मागावेत. एकही दगड, कोरलेला वा न कोरलेला, जागचा हलू नये. आधी हलवले असतील तर कोठून, ते ज्यांना आठवते त्यांच्याकडून या हिवाळ्यातच लिहून घ्यावे. गवत कापण्याआधी न कोरलेल्या दगडांजवळ बांबूची काडी रोवावी आणि शिळेपासून हातभर अंतरात कातरीनेच कापावे. झुडपांचे काम सप्टेंबर ते फेब्रुवारीत, नोंदीचे एप्रिलपासून. ठेकेदार लावलात तर या अटी त्याच्या करारात असाव्यात, तोंडी नकोत.

आणि नोंदीची प्रत एकाच्या संगणकात राहू नये. एक एनिसला काउंटी ग्रंथालयाच्या स्थानिक अभ्यास केंद्रात द्यावी, एक समितीकडे छापून ठेवावी, एक पॅरिशमध्ये. छायाचित्रे मूळ आकारात, आराखड्यासकट, आणि वर्णक्रमाने लावलेली यादी करायचीच असेल तर ती त्यासोबत, त्याऐवजी नको.

पुढच्या वर्षीच्या रविवारची तारीख तुमच्याकडे ठरत असेल. त्याआधी निदान एका दफनभूमीत हे करून पाहा. सवय झालेली दोन माणसे दिवसात तीस-पस्तीस शिळा उतरवतात. वाचताना कुठे अडलात तर छायाचित्र पाठवा, आम्ही वाचायला बसू.

आपले,
क्लेअरच्या शिळा आणि नोंदवह्या वाचणारे काही जण